आमची काही तक्रार नाही

सुवर्णाच्या हातात कोणतीही वस्तू दिली की ती आधी तिची मागची बाजू बघते. लग्न होऊन विंचूरहून गिरणाऱ्याला आली, तेव्हा नवी नवरी ठिबकच्या फिल्टरचं झाकण उघडून आत डोकावताना सासरच्यांना दिसली आणि पुढे बराच काळ तिची त्यावरून थट्टा झाली. मिक्सर बिघडला तर दुकानात जाण्याआधी तो तिच्यासमोर उघडा पडलेला असायचा. दुरुस्त व्हायचाच असं नाही. पण आत काय आहे ते तिला कळलेलं असायचं आणि तेवढ्यावर ती खूश असायची.

हीच सवय तिने विम्याच्या कागदाला लावली, तिथून ही गोष्ट सुरू होते.

तिचा नवरा सोमनाथ. त्याची द्राक्षबाग धरणाकडे उतरत जाणाऱ्या जमिनीवर आहे. काही वर्षांपूर्वी दोघांनी बागेत पर्यटन सुरू केलं. शहरातली माणसं यायची, वेलीवरचे घड आपल्या हाताने तोडायची, चुलीवरचं जेवायची आणि संध्याकाळी मचाणावर चढून धरणाच्या पाण्यावरचा सूर्यास्त बघायची. मचाण सोमनाथने स्वतः बांधलं होतं. सातपूरच्या एका कारखान्याने आपल्या कामगारांची सहल दरवर्षी इथे आणायचं ठरवलं, पण विमा वाढवून घ्यायची अट घातली. बागेत कुणाला इजा झाली तर भरपाई देणारा विमा सुवर्णाकडे होता. त्याची मर्यादा त्यांना अपुरी वाटत होती.

मखमलाबाद नाक्यावर समाधान नावाच्या विमा एजंटचं छोटं ऑफिस आहे. तो त्यावर दुसरी पॉलिसी घेऊन आला. पहिलीची मर्यादा संपली की पुढची भरपाई ही दुसरी देणार. तो तिला ‘वरचं कव्हर’ म्हणायचा. सही करायला पाच मिनिटं लागतील या हिशोबाने आलेला समाधान जेवूनच परतला, कारण सुवर्णाचे प्रश्न संपत नव्हते. पहिलीच मोठी का करायची नाही? वरची एवढी स्वस्त कशी? पहिलीला हातच न लावता वरचीकडून मागता येतं का? समाधानने सांगितलं की अपघात इतका मोठा क्वचितच होतो, म्हणून वरची स्वस्त पडते. पण पहिली संपल्याशिवाय वरची काही देत नाही, आणि पहिली चालू ठेवली नाही तर वरचीचा उपयोग नाही.

सुवर्णाने घराबाहेर बोट दाखवलं. तिथे सिमेंटची टाकी होती आणि तिच्या पलीकडे चढावर शेततळं. टाकीतलं पाणी तळाला गेलं की मगच शेततळ्याचा व्हॉल्व्ह उघडायचा, असंच ना, असं तिने विचारलं. समाधान म्हणाला, अगदी असंच. तेव्हापासून तो प्रत्येक गिऱ्हाइकाला ही टाकी आणि शेततळं सांगतो, जणू त्यालाच सुचलं होतं.

आणखी एक गोष्ट तिने तेव्हा विचारून घेतली होती. कागदात ‘त्रयस्थ व्यक्ती’ असा शब्द होता. त्रयस्थ म्हणजे नेमकं कोण? एका छपराखाली राहणारं कुटुंब आणि पगारी माणसं सोडून बाकी सगळे, असं उत्तर आलं.

“माहेरची माणसंसुद्धा?”

“ताई, विम्याला माहेर नसतं,” समाधान म्हणाला.

ती हसली होती. माणसांची अशी विभागणी तिने कधी ऐकली नव्हती.

फेब्रुवारीत घडांमध्ये साखर भरली की सुवर्णा माहेरी फोन करते, द्राक्षं खायला या म्हणून. ती माणसं आली की तिकिटाच्या टेबलावर बसलेली मुलगी पावतीपुस्तक बंद करून ठेवते. माहेरच्या माणसाकडून पैसे घेणं सुवर्णाच्या मनातही कधी आलं नाही. त्या वर्षी मोतीराममामा आणि कलाबाईमामी आले. मामांचा स्वतःचा पिकअप होता. विंचूर भागातल्या शेतकऱ्यांचा कांदा ते लिलावाला पोचवायचे, स्वतः चालवायचे, आणि घर त्या एका गाडीवर चालायचं. दिवसभर बागेत हिंडून, प्रत्येक वेलीला नावं ठेवून झाल्यावर ते मचाणावर चढले. मामींनी खालून फोटो काढायला मोबाइल वर धरला. मामा कठड्याला रेलले आणि कठड्यासकट खाली गेले.

खुब्याचं हाड मोडलं होतं, पाठीच्या मणक्याला मार होता. नाशिकच्या दवाखान्यात त्याच रात्री पहिलं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सांगितलं की सूज उतरल्यावर दुसरं लागेल, मग काही महिने अंथरुणात. पुन्हा गाडी चालवतील असं धरून चालू नका.

दवाखान्यातून पोलिसांना कळवावं लागतं, तसं कळवलं गेलं. हवालदार जबाब घ्यायला आला तेव्हा मामा शुद्धीवर होते. त्यांनी सांगितलं, माझाच पाय घसरला. तेवढ्यावर भागलं नाही. भाचीच्या मागे पोलिसांचं लचांड नको म्हणून मामांच्या पुतण्याने स्टॅम्पपेपर आणला आणि त्यावर लिहून दिलं, की आमची कुणाविरुद्ध काही तक्रार नाही व भविष्यातही राहणार नाही. त्याचा फोटो त्याने सुवर्णाला पाठवला. खाली लिहिलं होतं, ताई, तू काळजी करू नको.

सुवर्णाने तो फोटो दवाखान्याच्या जिन्यात उभं राहून वाचला आणि तिला रडू फुटलं. आपली माणसं किती आपली असतात, असं तिला वाटलं. तोच फोटो तिने समाधानला पाठवला, त्यालाही बरं वाटेल म्हणून.

समाधानचा लगेच फोन आला. त्याचा आवाज पडला होता. त्याने जे समजावलं ते तिने आधी कुठल्याच कागदात वाचलं नव्हतं, म्हणजे वाचलं होतं पण तिकडे लक्ष गेलं नव्हतं. हा विमा मामांच्या दुखण्याचा नाही. तो सुवर्णाच्या जबाबदारीचा आहे. मामांनी तिच्याकडे भरपाई मागितली, तरच कंपनी तिच्या वतीने पैसे देणार. मागणारंच कुणी नसेल तर कंपनीच्या दृष्टीने काही घडलेलंच नाही.

“मग मी लिहून देते,” ती म्हणाली. “चूक आमची आहे म्हणून.”

“तेवढं करू नका, ताई. कंपनीला विचारल्याशिवाय चूक कबूल करायची नाही, ही अट आहे. दोन्ही पॉलिसींत आहे.”

ती जिन्यातच बसून राहिली. मामा म्हणत होते चूक कुणाचीच नाही, आणि तिची आहे असं म्हणायला तिला बंदी होती. टाकी भरलेली, शेततळं भरलेलं, आणि व्हॉल्व्ह फिरवायला दोन्हीकडून कुणी हात लावू शकत नव्हतं. इतक्या दुःखातही तिला त्या रचनेचं नवल वाटलं. असलं यंत्र तिने कधी उघडून पाहिलं नव्हतं.

समाधानने ओळखीच्या वकिलाला विचारलं. स्टॅम्पपेपरने दार अगदी बंद झालेलं नव्हतं. तो पोलिसांपुरता होता, कंपनी त्याचा मुद्दा काढेल, पण भरपाई मागायचा हक्क शिल्लक होता. मात्र मागणी मामांकडूनच यायला हवी, आणि ती सुवर्णाने लिहून द्यायची नाही. तशी लबाडी उघडकीला आली तर दोन्ही पॉलिसी हातच्या जातील.

इकडे अपघाताची नुसती खबर कंपनीला दिलेली होती, आणि पाहणीला तिचा सर्व्हेअर येईपर्यंत मचाणाला हात लावायचा नाही, असं ठरलं होतं. सोमनाथला ते बघवत नव्हतं. कठडा त्याने द्राक्षाच्या मांडवासारखा केला होता. तसेच लोखंडी अँगल, तशीच ताणून बांधलेली तार, टोकाला तसाच पीळ. आयुष्यभर त्याने हेच केलं होतं आणि त्याचा मांडव कधी पडला नव्हता. पण मांडवाला भार वरून येतो, घड खाली लोंबतात. माणूस आडवा रेलतो. आडवा भार आल्यावर तारेचा पीळ उलगडला आणि अँगल मुळातून वाकला. सर्व्हेअर मोजमाप घेऊन गेला, त्यानंतर सोमनाथ रोज सकाळी मचाणाखाली जाऊन त्या वाकलेल्या अँगलकडे बघत उभा राहायचा. उरलेल्या तीन बाजूंना तसाच कठडा अजून होता. तो तोडायला तो अधीर झाला होता.

सुवर्णाने त्याला थोडं थांबायला सांगितलं. मग समाधानला विचारलं, की मला बोलायला बंदी आहे, जागा दाखवायला आहे का? समाधानने जरा विचार केला. विचारलं त्याचं खरं उत्तर द्यायला कुणीच बंदी घातलेली नाही, असं तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी कलाबाईमामी दवाखान्यातून आंघोळीला बागेत आल्या. दवाखान्याचं बिल कसं भागवायचं या विचाराने त्या खंगल्या होत्या. पिकअपला गिऱ्हाईक बघायला घेतलंय, हे त्यांनी भाकरी खाता खाता सांगून टाकलं, जणू दुसऱ्या कुणाची गाडी असावी. जेवण झाल्यावर सुवर्णा त्यांना मचाणापाशी घेऊन गेली. मामींना जायचं नव्हतं, तरी गेल्या. खालून बराच वेळ वर बघत राहिल्या.

“तार घट्ट होती का गं?”

सुवर्णाने मामींचा हात धरून त्यांना शिडीवरून वर नेलं आणि शाबूत असलेल्या बाजूचा कठडा दाखवला.

“हात लावून बघा, मामी. रेलू नका. नुसतं ढकला.”

मामींनी तळहाताने ढकललं. तार वाजली आणि अँगल बोटभर बाहेर झुकला. त्यांनी हात झटकन मागे घेतला आणि पदर तोंडाशी धरला.

“पाय नाय घसरला त्यांचा,” त्या हळूच म्हणाल्या.

मग सुवर्णाने त्यांना खाली आणलं, टाकीच्या कठड्यावर बसवलं आणि विमा कसा चालतो ते पहिल्यापासून सांगितलं. मामी शहाण्या बाईसारखं ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, “म्हंजे आम्ही तुझ्याशी भांडल्याबिगर ती कंपनी पैसा सोडणार नाय. लय खट्याळ हाय ही कंपनी.”

“मामांना सांगाल?”

“सांगते. पण मानायचे नाय ते. भाचीला नोटीस धाडली तर विंचुरात तोंड काळं होईल म्हणतील.”

मामा तसंच म्हणाले, असं नंतर कळलं. दोन दिवस त्यांनी मामींशी अबोला धरला. शेवटी मामींनी त्यांना सांगितलं, की तुमचा पाय घसरला असं तुम्ही म्हणत राहा, पण कठडा मी ढकलून आले आहे. उद्या तिथून कुणाचं लेकरू पडलं तर त्याला काय सांगाल? त्यावर मामांनी छताकडे बघत निफाडच्या एका वकिलाचं नाव सांगितलं.

पुढे सगळं सरळ झालं असं नाही. स्टॅम्पपेपरवरून पहिल्या कंपनीने बरंच ताणलं. तिची मर्यादा दुसऱ्या ऑपरेशनपर्यंतच संपली आणि वरच्या कव्हरचा माणूस मामांची कमाई तपासायला विंचूरला येऊन गेला. मामा काठी घेऊन चालायला लागले तेव्हा कुठे त्या कव्हरचे पैसे आले. पिकअप विकावा लागला नाही. आता तो पुतण्या चालवतो आणि मामा शेजारी बसून त्याला शिव्या देतात. सोमनाथने नवा कठडा एका फॅब्रिकेटरकडून करून घेतला, आणि तो माणूस काम करत असताना तिथून हलला नाही.

पण सुवर्णा सांगते ती गोष्ट मामांच्या वकिलाची नोटीस आली त्या दिवसाची. पोस्टमनने सही घेऊन जाड पाकीट हातात दिलं. अर्ध्या तासात मामांचा दवाखान्यातून फोन. आधी त्यांनी बागेला पाणी दिलं का विचारलं, मग ऊन फार आहे म्हणाले.

“आली का?”

“आली, मामा.”

“त्या वकिलानं लय वंगाळ लिवलंय. आपण नाय तसं बोललो. तू वाचत बसू नको, पोरी. नुसती पुढं दे समाधानकडं.”

“बरं, मामा,” सुवर्णा म्हणाली.

पाकीट तिने पोस्टमन वळायच्या आतच उघडलं होतं. निष्काळजीपणा, बेजबाबदारपणा, सगळं वाचून झालं होतं, आणि आता ती कागद उलटा करून त्याची मागची बाजू बघत होती.