पिवळ्या रंगाखालची कडी

रविवार, १३ मे २००१. रंगकामाची रक्कम दोन हजार आठशे पन्नास रुपये. हजर तिघे: आमच्या रहिवासी समितीचे अध्यक्ष, रंगारी आणि हिशेब ठेवणारा मी. जागा कॉलनीच्या मधली बाग. बाग नगरपालिकेची, सर्वांना खुली. देखभाल मात्र आमच्याकडे.

पावसाआधी लोखंडाला रंगाचा हात मारणे हे रत्नागिरीत कौले चाळण्याइतकेच ठरलेले काम. खिडक्यांचे गज, फाटक, आणि बागेतली घसरगुंडी, सी-सॉ, दोन झोपाळे. रंगाऱ्याने वर साडेचारशे मागितले होते, घासणावळ म्हणून.

"काका, खाऱ्या वाऱ्यानं लोखंड खाल्लंन. झोपाळ्यांच्या वरच्या कड्या तरी घासून बघू दे."

"गेल्या वर्षी घासल्या होत्यास?" मी विचारले.

"नाय."

"त्याच्या आदल्या वर्षी?"

"नाय."

"मग पडलं का काही?"

अध्यक्ष हसले. "अरे, जाड हात मार म्हणजे झालं. आतलं कोण बघतोय?"

मी साडेचारशेच्या आकड्यावर काट मारली.

नऊ दिवसांनी, मंगळवारी, संध्याकाळी पाचच्या सुमारास मी घरासमोर झाडांना पाणी घालत होतो. बागेत पलीकडच्या गल्लीतली, आठवीतून नववीत गेलेली मुलगी झोपाळ्यावर उभी राहून झोके घेत होती. मैत्रिणी आकडे मोजत होत्या. "एकवीस, बावीस..." तेवढ्यात टक् असा बारीक आवाज झाला, काडी मोडल्यासारखा. झोपाळ्याची एक साखळी सुटली आणि मुलगी फेकली जाऊन कडेला बसवलेल्या जांभ्याच्या चिऱ्यांवर हातावर पडली. तिचा हात कोपराच्या खाली वेगळ्याच दिशेला वळलेला मी पाहिला. ती रडत नव्हती. मैत्रिणी रडत होत्या.

रिक्षातून तिला आणि तिच्या आईला दवाखान्यात पोचवून मी बागेत परत आलो. तुटलेली कडी गवतात पडली होती. बाहेरून पिवळीधमक. तुटलेल्या तोंडाशी नख लावले, तर तपकिरी पापुद्रे सुटून तळहातावर भुगा पडला. घरी आणून फूटपट्टीने मोजली. बारा मिलिमीटरची सळई, तिच्यात लोखंड उरले होते जेमतेम चार. बाकी तीन वर्षांचा रंग आणि गंज. मी खुर्चीत बसलो तो किती वेळ बसलो कोण जाणे. चहा निवला. हिच्याऐवजी दुसरी साखळी सुटली असती तर मुलगी डोक्यावर पडली असती, हे एकच पुन्हा पुन्हा दिसत होते.

रविवारी समितीची बैठक झाली. मुलीची आईही आली. अध्यक्षांनी ठराव लिहूनच आणला होता: दहा वर्षांवरील मुलांना बागेत बंदी.

"घोड्याएवढ्या मुली बाळांच्या झोपाळ्यावर उभ्या राहतात, मग तुटणार नाही तर काय?" एक सभासद म्हणाले.

आई शांतपणे म्हणाली, "माझी मुलगी बेचाळीस किलोची आहे. तुमचा झोपाळा किती किलोंचा?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. अठ्ठ्याण्णव साली बागेची आखणी मीच केली होती. टेप धरून दोन खांबांतले अंतर, घसरगुंडीची उंची, बाकांची लांबी, सगळे वहीत होते. झोपाळा किती भार पेलेल, हा आकडा नव्हता. तो मी कुणाला विचारलाच नव्हता.

मग मी कडी टेबलावर ठेवली आणि घासणावळीवर काट मारल्याचे सांगितले.

"हे इथे सांगायची गरज होती का?" अध्यक्ष हळूच म्हणाले.

"होती."

ठराव त्या दिवशी बाजूला ठेवला, रद्द झाला नाही. पुढच्या बैठकीत तो पुन्हा येणार होता. मी मुलीला भेटायला गेलो. प्लास्टरवर मैत्रिणींनी निळ्या शाईने काहीबाही लिहिले होते. मी माफी मागितली. तिने ती ऐकून घेतली आणि म्हणाली, "काका, बंदी करणार आहात ना? मुलगे काय, सायकली काढून आरे-वारेच्या समुद्रावर जातात. आम्हाला घरचे सोडतात ते फक्त बागेत. आम्ही कुठे जायचं?"

"तुम्हाला तिथे काय हवं?"

"खेळायला नको काही. बसायला द्या, एकमेकींकडे तोंड करून. तुमची बाकं सगळी ओळीनं रस्त्याकडे बघतात, एसटीची वाट बघत बसल्यासारखी."

मी घरोघर फिरून मोजले. दहा ते सोळा वयाची मुले आमच्या कॉलनीत एकोणतीस निघाली. त्याखालची अकरा. बाग आम्ही अकरा जणांसाठी बांधली होती आणि एकोणतीस जणांना तिच्यातून हाकलायला निघालो होतो. हे आकडे मी बैठकीत वाचले. बंदीचा ठराव दोन मतांनी पडला. अध्यक्ष माझ्याशी गणपतीपर्यंत बोलले नाहीत.

दोन्ही झोपाळे काढले. नवे लोहाराकडून करून घेतले, आणि बसवण्याआधी प्रत्येकाला सिमेंटची तीन पोती लटकवून रात्रभर ठेवली. दवाखान्याचे बिल द्यायला गेलो तेव्हा आईने पैसे घेतले नाहीत. "बिल आम्ही भरलंय. तुम्हाला द्यायचेच असतील, तर पोरींच्या बसण्यात घाला."

दिवाळीनंतर आंब्याच्या सावलीत जांभ्याचे दोन कट्टे बांधून झाले, समोरासमोर, मध्ये चार फूट. अंतर मुलींनीच उभे राहून ठरवले. गवंड्याला मजुरी आणि चिऱ्यांचे मिळून तीन हजार एकशे चाळीस रुपये दिले, समितीच्या नव्हे, माझ्या खिशातून.