वाळलेला रणगाडा

माझा मित्र श्रीपाद याच्या काचेच्या कपाटात त्याने स्वतः जोडून रंगवलेला प्लास्टिकचा चिमुकला रणगाडा उभा होता, चाकांभोवतीच्या पट्ट्यांवरच्या चिखलाच्या रंगासकट पूर्ण. "हात लाव की, वाळलाय," तो म्हणाला आणि माझा जळफळाट झाला. माझ्या घरी असे चार आहेत, चारही अर्धवट. उघडलेली रंगाची बाटली सुकते, म्हणून काटकसरीने मी चौघांना एकदमच हिरवं करतो, चाकंही एकदमच. "सगळे एकाच इयत्तेत बसलेत तुमचे," बायको म्हणते. हिशेबी माणसाची सगळी कामं चालू असतात, संपत मात्र एकही नाही. घरी आल्यावर मी तीन रणगाडे खोक्यात ठेवले आणि चौथ्यासाठी बाटली उघडली. उरलेला रंग सुकला तर सुकू दे. मलाही एकदा श्रीपादला म्हणायचंय, हात लाव की.