माझ्या नावापुढे केळी

नव्वदच्या दशकात वर्ध्यातल्या आमच्या महिला संस्थेत मी एकटीच बौद्ध होते. वार्षिक सभेच्या जेवणाला प्रत्येकीने घरून एकेक पदार्थ करून आणायचा, अशी पद्धत होती. यादी अध्यक्षबाई करायच्या. कुणाला पोळ्या, कुणाला वांग्याची भाजी, कुणाला मसालेभात. माझ्या नावापुढे सात वर्षं केळीच. एकदा मी म्हटलं, "यंदा मी पाटोडी रस्सा आणते." त्या गोड हसून म्हणाल्या, "राहू द्या बाई, तुमाले नोकरी आहे, तरास कायले?" नोकरी आणखी तिघींना होती. सालासकट आलेलं फळ बाटत नाही, हे न कळण्याइतकी मी भोळी नव्हते.

पुढे संस्थेला पैशांची मदत देणाऱ्यांनी अट घातली, की पदाधिकाऱ्यांत सगळ्या समाजांच्या बाया हव्यात. अध्यक्षबाईंनी घाईघाईने मला सचिव केलं आणि यादीचं काम माझ्याकडे आलं. मी माझ्या नावापुढे पाटोडी रस्सा लिहिला, त्यांच्या नावापुढे केळी.

"मले काऊन केळी?" त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं.

"तुमचं वय झालं ताई, तरास कायले?"

सभेला मदत देणारे पाहुणे आले होते. ते अध्यक्षबाईंच्या शेजारीच जेवायला बसले. मी मुद्दाम पातेलं घेऊन आधी बाईंकडे गेले. पाहुण्यांदेखत त्यांना नको म्हणता येईना. त्यांनी शेवटचा घास गिळेपर्यंत मी तिथून हलले नाही. मग वाकून विचारलं, "आणखी वाढू, ताई?"