अण्णांच्या गाडीचा पिकअप

"कुलकर्णी, पेडल पार खाली दाबतो मी. गाडी नुसती घुर्र करती आन तिथंच राहती. म्हशीला काठी मारल्यागत."

अण्णा पाटलांनी किल्ली माझ्या टेबलावर ठेवली आणि शटरजवळच्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसले. बाहेर त्यांची काळी, लांबलचक जर्मन गाडी उभी होती. ऑटोमॅटिक, पंधरा वर्षं जुनी. चिकलठाण्याला त्यांची रबराचे पार्ट बनवायची कंपनी होती, तेव्हाच्या चांगल्या दिवसांत घेतलेली. पुढं कंपनी विकली, पत्नी गेल्या, एकुलती मुलगी स्मिता पुण्याला नोकरीला. उस्मानपुऱ्यातल्या घरात अण्णा आणि खाली पार्किंगमध्ये ही गाडी, एवढंच उरलं. वय अठ्ठ्याहत्तर.

माझं गॅरेज जालना रोडच्या मागच्या गल्लीत आहे. जुन्या ऑटोमॅटिक गाड्या हे माझं काम. 'पिकअप नाही' ही आमच्याकडची तक्रार म्हणजे डॉक्टरकडची 'अंगात त्राण नाही'. कारण कुठंही असू शकतं. इंजिनाला हवा कमी पडत असेल, पेट्रोल कमी पडत असेल. सायलेन्सरच्या वाटेतली जाळी चोंदली असेल, तर धूर बाहेर पडत नाही आणि इंजिनाचा दम कोंडतो. गिअरबॉक्स घसरत असेल तर इंजिन ओरडतं आणि चाकं मागं राहतात. आमच्यातले पुष्कळ जण पहिलं बोट गिअरबॉक्सकडंच दाखवतात, कारण तो उघडला की मोठं काम निघतं. मी तो शेवटी बघतो.

स्कॅनर लावला. हे गाडीच्या कॉम्प्युटरशी बोलायचं यंत्र. एकही फॉल्ट नोंदलेला नव्हता. हवा मोजणारा सेन्सर ठीक, पेट्रोलचं प्रेशर ठीक. मी एक चक्कर मारून आलो. गिअर वेळेवर पडत होते, घसरत नव्हते. सगळं नीट आणि जोर मात्र नाही. असलं मला आवडत नाही.

गाडी उभी करून स्क्रीनवर पेडलचा आकडा लावला. आता पेडलला वायर नसते, सेन्सर असतो. तुम्ही किती दाबलं ते तो कॉम्प्युटरला सांगतो. पाय तळाला टेकला की आकडा शंभराच्या आसपास जायला हवा. माझा पाय टेकला आणि आकडा साठाला थांबला. पुन्हा दाबलं. साठ.

मॅट उचललं. पेडलच्या मागं कार्पेटला थोडा फुगवटा होता. कार्पेट सैल केलं तर आत काळ्या रबराचा एक ठोकळा, पत्र्याला चिकटवलेला. कडा सरळ कापलेल्या. पडलेला नव्हता, कोणीतरी मापून बसवला होता.

अण्णा बाहेर चहा पीत होते. मी मागच्या बाजूला जाऊन स्मिताताईंना फोन लावला. गाडीच्या विम्याच्या वेळी त्यांनी नंबर दिला होता. ठोकळ्याचं सांगितलं.

"दादा, काढू नका ते," त्या लगेच म्हणाल्या. "मीच बसवलंय, दिवाळीत आले होते तेव्हा."

"तुम्ही?"

"शहागंजात अण्णांनी ब्रेक समजून ॲक्सिलरेटर दाबला. गाडी फळांच्या क्रेटवर गेली. बाजूला एक बाई होती लेकरू घेऊन. हातभरानं वाचली. मला हे शेजाऱ्यांकडून कळलं! किल्ली मागितली तर दोन दिवस जेवले नाहीत. मी पुण्यात बसून काय करू, तुम्हीच सांगा."

मी विचारलं, अण्णांना हे सांगू का?

"त्यांना बोलू नका काही. जुनी झालीय म्हणा."

मी कार्पेट पुन्हा बसवलं आणि बाहेर आलो. म्हणालो, "गाडीचं वय झालंय, अण्णा. एवढंच चालायचं आता."

"वय माझं झालंय. तिचं काय होतंय! तिचे पार्ट तरी मिळतेत." ते हसले. मीही हसलो.

पुढच्या आठवड्यात ते पुन्हा आले. कोणीतरी सांगितलं होतं, प्लग बघा. मी प्लग बघितले. मग मोबाइलवर कुठलासा व्हिडिओ बघून आले, थ्रॉटल साफ करायचा असतो म्हणे. इंजिनात हवा सोडणारी ती झडप. मी साफ केली. एअर फिल्टर झाला. हिवाळाभर हे चाललं. यायचे, खुर्ची उन्हात ओढायचे, पिशवीतून पेरू काढून माझ्या टेबलावर ठेवायचे आणि बोलत बसायचे. कंपनीत पहिली ऑर्डर कशी आली, माल नापास होऊन अख्खा ट्रक परत कसा आला. माझी फिरकी घ्यायचे. "कुलकर्ण्याच्या हाताला ग्रीस आन पाटलाच्या हाताला कायच नाय. काळ लई बदलला बुवा." मी बॉनेटखाली डोकं घालून ऐकायचो. या फेऱ्यांचे पैसे मी घेतले नाहीत. त्यानं काही भरून येत नाही, तरी सांगून ठेवतो.

आता जे लिहायचं इतके दिवस टाळलं ते. पहिल्या दिवशी मी खोटं बोललो ते मुलीखातर. एका बाईचं आणि तिच्या लेकराचं नाव त्यात होतं, त्यामुळं मला फारसं लागलं नाही. पण नंतरचं तिच्यासाठी नव्हतं. पुंडलिकनगरला घरी मी एकटा असतो. का, ते इथं सांगत नाही. कुलूप उघडून आत गेलो की सकाळचा कप जिथं ठेवला तिथंच असतो. अण्णा यायचे त्या दिवशी मी सकाळपासून रस्त्याकडं बघायचो. गाडी नीट झाली असती तर ते कशाला आले असते? असा विचार मी उघड कधी केला नाही. पण स्वच्छ असलेला थ्रॉटल साफ करायला मी तास तास लावत होतो.

शनिवारी ते खुलताबादला भद्रा मारुतीला जायचे. पत्नी असल्यापासूनचा नेम. वाटेत दौलताबादचा घाट आहे.

इथं एक गोष्ट समजावून सांगतो. ऑटोमॅटिक गाडीचं पेडल पार तळाला गेलं, की गिअरबॉक्स एकदम खालच्या गिअरवर येतो आणि गाडी झेप घेते. याला किकडाउन म्हणतात. ओव्हरटेक करताना वेळ कमी असतो, त्याच्यासाठीच ते दिलेलं आहे. ठोकळ्यामुळं पेडल तिथवर जातच नव्हतं. शहरातल्या गर्दीत तो ठोकळा लोकांना वाचवत होता. घाटात तो अण्णांना मारू शकत होता. हे मला पहिल्या दिवसापासून कळत होतं. या कामात माझी इतकी वर्षं गेली, न कळायला काय झालं?

एका शनिवारी दुपारी ते आले. डाव्या बाजूचे दोन्ही दरवाजे पुढपासून मागपर्यंत घासलेले. खुर्चीवर न बसता उभेच राहिले.

"उसाचा ट्रॅक्टर होता पुढं. बाहेर काढली गाडी. समोरून एसटी. पेडल दाबलं, दाबलं, कुलकर्णी, गाडी हलंना. तशीच आत घातली, कठड्याला घासून. एसटीवाल्यानं आईवरून शिवी दिली मला."

मी पाणी दिलं. पिताना थोडं शर्टावर सांडलं.

"एक विचारू? खरं सांगा. माझ्या पायातच जोर राहिला नाय का?"

त्यांनी मला सरळ विचारलं होतं. मॅट उचलायला अर्धं मिनिट पुरलं असतं.

मी म्हणालो, "वय होतं, अण्णा."

त्यांनी मान हलवली. उजवा पाय जरा पुढं घेऊन बुटाकडं बघत राहिले. मग म्हणाले, "गिऱ्हाईक बघा. विकून टाकू."

ते रिक्षानं गेल्यावर मी स्मिताताईंना फोन केला. सगळं सांगितलं. त्या बराच वेळ रडल्या. मी म्हणालो, आज काढतो आणि अण्णांना सांगतो. त्या म्हणाल्या, "आता विकतोच म्हणतायत ना, दादा? मग कशाला सांगायचं? मी बसवलं होतं हे कळलं तर माझ्याशी बोलणार नाहीत." मी बरं म्हणालो. दुसऱ्याच्या सांगण्यावर बरं म्हणणं सोपं असतं.

दरवाजे रंगवून घेतले. गिऱ्हाईक मिळालं, जालन्याचे एक कॉन्ट्रॅक्टर. ट्रायलच्या आधी मी ठोकळा काढला. विकत घेणाऱ्याला अशी गाडी देता येत नाही. तिथं मात्र माझा प्रामाणिकपणा जागा झाला.

ट्रायलला अण्णाही आले. मागच्या सीटवर बसले, स्वतःच्या गाडीत बहुधा पहिल्यांदाच. बीड बायपासला लागल्यावर कॉन्ट्रॅक्टरनं पेडल दाबलं आणि गाडीनं अशी उडी घेतली की आम्ही सगळे सीटला चिकटलो.

"वा! पाटीलसाहेब, घोडा हाय घोडा!"

मी आरशात बघितलं. अण्णा खिडकीबाहेर बघत होते. परत आल्यावर त्यांनी सह्या केल्या, किल्ली दिली, गाडी वळेपर्यंत थांबले.

"गाडीत खोट नव्हतीच हो," ते मला म्हणाले. "ह्या माणसानं नुसता पाय ठेवला तर पळाली. पायच गेला माझा." आणि रिक्षा थांबवली.

पुढं ते गॅरेजला आले नाहीत. येण्याचं कारणच राहिलं नव्हतं. त्यांचा एक शेजारी एकदा प्लग घ्यायला आला, तेव्हा म्हणाला की अण्णा हल्ली जिना उतरत नाहीत, पायाचा भरवसा नाही म्हणतात.

त्या रविवारी मी उस्मानपुऱ्यात त्यांच्या घरी गेलो. ठोकळा खिशात होता. टीपॉयवर ठेवला.

"अण्णा, हे पेडलखाली होतं. पहिल्या दिवसापासून मला माहीत होतं. तुमच्या पायाला काही झालेलं नाही."

त्यांनी तो उचलला. कोणी बसवला हे विचारलं नाही. अंगठा कडेवरून फिरवला, नाकाशी नेला.

"हे तर आपल्या कंपनीतलं रबर. माळ्यावर शीट पडलेत अजून." पुन्हा कड बघितली. "असं सरळ कापायला एकीलाच येतं. सुट्टीत येऊन बसायची माझ्याशेजारी. पट्टी न लावता कापायची."

तेवढ्यात फोन वाजला. स्मिताताईंचाच. अण्णांनी ठोकळा हातात धरूनच घेतला.

"व्हय, जेवलो. ... नाय, बरा हाय पाय. आज उतरतो खाली. ... गाडी दिली ते बरं केलं म्हणती? व्हय गं. बरंच केलं. तू जेवलीस का?"

ठोकळ्याचा विषय त्यांनी काढला नाही. फोन ठेवून माझ्याकडं बघितलं.

"तिचं कळतं मला. लांब राहती, भ्याली पोरगी. तुमचं काय, कुलकर्णी? तुम्ही तर रोज समोर होता."

"ताईंनी सांगितलं होतं," मी म्हणालो.

आणखी काही येईल असं त्यांना वाटलं असावं. मग उठून त्यांनी ठोकळा देव्हाऱ्याखालच्या खणात टाकला. "निघा आता. ऊन व्हायच्या आत."

दारापर्यंत सोडायला आले. पाय चांगला पडत होता.

तिथं जे सांगता आलं नाही ते इथं लिहितो. तुम्ही येत राहावं म्हणून, अण्णा. दुसरं काही कारण नव्हतं. स्मिताताईंनी हे वाचलं तर वाचू दे. झाकपाक पुरे झाली.

खुर्ची शटरजवळच आहे. गिऱ्हाइकं बसतात, मोबाइल बघतात, काम झालं की जातात. पिकअपची तक्रार आली की मी आता आधी मॅट उचलतो, स्कॅनर नंतर लावतो. खाली बहुतेक धूळ असते, कधी बिस्किटाचा कागद. जे सापडेल ते मालकाला बोलावून तिथंच दाखवतो.