सुभेदारानं धरलेला चोर

आता कुठल्या तोंडानं सांगू! पण चहा टाकलाच आहे, तर ऐका. माझी अक्कल मीच चव्हाट्यावर मांडतो, म्हणजे दुसऱ्या कुणाला कष्ट नकोत.

कुत्र्यांतलं मला सगळं कळतं, असं मी गल्लीभर सांगत फिरायचो. आणि का नको? माझ्या दारात सुभेदार होता! रॉटवायलर. पन्नास किलोचा काळा गडी, छाती तालमीतल्या पैलवानासारखी. उगाच भुंकणार नाही. नुसता बघत राहील, आणि समोरचा दोन पावलं मागं!

"ह्या जातीला शिस्त लागती," मी येईल त्याला ऐकवायचो. "मालक लेचापेचा असला की डोक्यावर बसत्यात." सकाळ-संध्याकाळ फिरवणं, दुपारच्या उन्हात बाहेर काढायचं नाही, रोज कान आणि पंजे तपासायचे, खाणं ठरल्या वेळी आणि माझ्याच हातचं. डॉक्टरांनी बजावलं होतं, शिजवलेलं हाड नको, तिखट-मीठ नको. मी शब्दाबाहेर गेलो नाही.

पण आमच्याकडं पाहुणा आला की मटण शिजणारच. त्याशिवाय त्याला उंबरा ओलांडू देतो होय? मटण आधी अळणी शिजतं, तिखट नंतर. मीठ पडायच्या आधीच त्यातले चार मऊ तुकडे, हाड काढून, सुभेदाराला. एरवी त्याचं रोजचंच खाणं. हे ध्यानात ठेवा. मी ठेवलं नाही, तिथंच घोळ झाला.

तर, आमच्या प्रियांकाला शिरोळचं स्थळ आलं होतं. मुलगा चांगला, घर चांगलं, आणि मुख्य म्हणजे पोरीला तो मनापासून आवडला होता. पुढच्या रविवारी मंडळी घर बघायला येणार होती. मी बायकोला, मंगलला, म्हटलं, "काळजी करू नगंस. समदं माझ्यावर सोड." तिनं नुसतं बघितलं. सुभेदार बघतो तसं.

त्याच्या आदल्या आठवड्यात एक दिवस मायलेकी बाजारात गेल्या होत्या. मी जेवून आडवा झालेलो. तोच मागच्या अंगणातून आवाज आला, "ओ, सोडा की! कोण हाय का घरात?"

धावत गेलो. बघतो तर एक पन्नाशीचा माणूस, आणि त्याची बाही सुभेदाराच्या तोंडात! सुभेदार त्याला ओढत थेट स्वयंपाकघराच्या दाराकडं आणत होता. चोर पकडून मालकापुढं हजर! माझी छाती अशी फुगली की बनियन पुरेना.

"शाब्बास रं वाघा! आणि तू कोण रं?"

"पावणा हाय मी."

"समदं चोर असंच सांगत्यात! नाव काय?"

माणूस बाही सोडवायला लागला.

"गाव?"

"ते मागनं सांगतो की."

"मग हितं काय करत हुतास?"

"काय न्हाय... सहज घर बघत हुतो."

घर बघत होता! कबुलीच दिली की लेकाच्यानं! मी सुभेदाराचीच साखळी घेतली आणि गड्याला पेरूच्या झाडाला बांधलं. मग गल्लीला हाक मारली, "या रं, या! सुभेदारानं चोर धरलाय!"

वीस-पंचवीस माणसं गोळा झाली. मी कुत्र्याच्या शिस्तीवर भाषण ठोकलं. फोटो काढले, त्यात चोराच्या शेजारी मी मिशीवर ताव मारत उभा. सुभेदार मात्र चोराच्या मांडीवर डोकं ठेवून लाळ गाळत बसलेला, आणि सारखा चुलीकडं बघत होता.

शेजारचे बाळूअण्णा म्हणाले, "ह्यो राखण करतोय का लाड करून घेतोय?"

"दाब ठेवलाय त्यानं, दाब!" मी म्हणालो. "तुमास्नी न्हाय कळायचं."

तेवढ्यात मंगल आणि प्रियांका आल्या. मंगलच्या हातातली पिशवीच गळून पडली.

"अवो, काय केलंसा हे! हे पोराचं मामा हायत! हातकणंगल्याच्या लग्नात ह्यांनीच तर मला स्थळ सुचवलं!"

प्रियांका पांढरीफटक पडली. आज हसत सांगतोय, पण तेव्हा मला तिच्याकडं बघवेना. पोरीचं लग्नच मी पेरूच्या झाडाला बांधलं होतं!

मी घाईघाईनं साखळी सोडली. "मामा, नाव का न्हाय सांगितलंसा?"

"चौकशीला आलतो," मामा म्हणाले. "न सांगता गेलं की माणसं कशी हायत ते कळतंय. नाव सांगून कसं चालंल?"

"मग... काय कळलं?" प्रियांकानं हळूच विचारलं.

मामांनी मनगट चोळलं. "फाटक ढकललं, तर हे जनावर भुकलं बी न्हाय. बाही धरली आणि निघालं चुलीकडं."

"व्हय तर," मंगल माझ्याकडं बघत म्हणाली. "पावणं आलं की अळणी मटण मिळतंय, एवढंच शिकलंय ते ह्यांच्याकडनं. आल्या माणसाला जेवल्याबिगर सोडायचंच न्हाय!"

सगळी गल्ली हसायला लागली. मामा पण हसले. सुभेदाराच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "ज्या घरातलं कुत्रं पावण्याला जेवायला नेतंय, तिथली पोरगी आमाला पसंत हाय. चला, टाका मटण!"

लग्न झालं. पोरगी सुखात आहे. परवा मामांचा फोन आला, कोल्हापुरात कामाला आलोय, घरी येऊ का म्हणून.

"या की! इचारताय काय? मी घरातच हाय," मी म्हणालो.

मामांनी विचारलं, "सुभेदार बी हाय नव्हं? त्यो असला तर येतो. तुमी एकटंच असला तर ऱ्हाऊ द्या."