लाल चिंधीचा पंप

हे अजून कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, लेकीला नाही. चौथी शिकलेल्या बाईनं वही घेऊन काय बसायचं — पण बसले आहे. तीनदा उठले. एकदा दूध बघायला, दोनदा उगीच.

कासुर्डीत आमच्या दारात मधुमालतीचा वेल होता. सासऱ्यांनी, म्हणजे आबांनी लावलेला. वेल कसला, नुसती दांडगाई. पंधरा दिवस लक्ष दिलं नाही की फांद्या पत्र्याखाली घुसायच्या, विजेच्या तारेला लोंबायच्या. आबा त्या फांद्या काठीनं खाली ओढत आणि सुतळीनं लोखंडी मांडवाला बांधत. संध्याकाळी पांढरी उमललेली फुलं सकाळी गुलाबी दिसायची, मग लाल. शेजारच्या शमीमभाभींच्या मोरीचं पाणी भिंतीकडेनं त्याच्या बुडाशी यायचं. भाभी म्हणायच्या, "आबा, येल पाणी पितो आमचं आन् फुलं तेवढी तुमच्या दारात. ह्यो कुठला न्याय?" आबा म्हणायचे, "च्या पिऊन जा, म्हंजी मिटलं!"

बघा — मी वेलाबद्दलच लिहिते आहे. माझ्याबद्दल लिहायला हवं.

त्या वर्षी लेकीचा साखरपुडा ठरला. तो वेलाखालीच करायचा, असा आबांचा हट्ट. महिनाभर आधी कोवळ्या शेंड्यांवर मावा पडला. आबांनी मला फवारायला सांगितलं.

आमच्याकडे फवारणीचे पंप दोन. ज्याच्या दांड्याला लाल चिंधी बांधलेली, तो उसातलं तणनाशक मारायचा. त्यात दुसरं औषध घालायचं नाही, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. दुसरा पंप रानात, कांद्यापाशी राहिला होता. तिथवर कोण जाणार? मी चिंधीचा पंप घेतला. एकदा विसळला — एकदाच — आणि माव्याचं औषध भरलं. कुणी घाई केली होती का? नाही. उन्हात जायचा कंटाळा, एवढंच.

चौथ्या दिवशी शेंडे पिळवटले. मला लगेच कळलं. माहेरी तणनाशक उडालेली वांगी अशीच पिळवटलेली पाहिली होती. त्या दुपारी मी पंप धुण्याच्या पावडरीनं तीनदा धुतला आणि खुंटीला अडकवला. फवारून झाल्यावर धुवायचं कारण काय होतं — सांगू? कुणी वास घेऊन बघू नये म्हणून.

वेल वाळत गेला. आबांनी मला विचारलं, "तू काय फवारलं व्हतंस?" मी म्हणाले, "माव्याचंच." खोटं नव्हतं ना ते? पण खोटंच होतं.

मग आबांची नजर मोरीकडे गेली. चार माणसांदेखत ते भाभींवर ओरडले, "साबणाचं पाणी पाजून मारलास की गं माझा येल!" इतकी वर्षं तेच पाणी पिऊन तो वाढला होता. मला वाटलं, भाभी हे म्हणतील. पण त्या हळूच म्हणाल्या, "व्हय आबा, माझंच चुकलं. औंदा नवी पावडर आणली, तिला लई फेस येतो." त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी — मी 'हो' म्हणून मान हलवली. नुसती गप्प नाही बसले, मान हलवली.

साखरपुडा कापडी मांडवात झाला. भाभी आल्या नाहीत. त्यांनी मोरी बुजवली आणि धुणं कालव्यावर न्यायला लागल्या. आबा त्यांच्याशी पुन्हा बोलले नाहीत. त्यांच्या घरची ईदची खीर आली, की वाटी तशीच बाजूला सारायचे.

गेल्या वर्षी आबा वारले. भाभी माझा हात धरून रडल्या. म्हणाल्या, "त्यांनी मला माफ न्हाई केलं, ताई." घरात तेव्हा आम्ही दोघीच होतो. सांगता आलं असतं. मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "जाऊ द्या आता."

वेल मी मारला. भाभींचे गुडघे आता दुखतात. आज सकाळीही त्या धुण्याची पाटी डोक्यावर घेऊन आमच्या दारावरून कालव्याकडं गेल्या.