लताची साडेसाती

आमच्या गावच्या उपकेंद्राबाहेर करंजाखाली एक बाक आहे. आत बायकांची तपासणी चालते, बाहेर आम्ही त्यांना आणणारे बसतो. बसून बसून रक्त वाढत नाही, किस्से मात्र वाढतात. यंदा आमची सून लता पोटुशी होती. मुलगा प्रदीप धानाच्या कामात, रोज मोहाडीला जाणारा, म्हणून तिला नेण्या-आणण्याचं काम माझ्याकडे आलं आणि माझ्या गाठोड्यात चांगलीच भर पडली. सावकाश सांगतो, घाई कोणाला आहे!

*

पहिल्या तपासणीला सिस्टरनं लताच्या बोटातून थेंब काढला आणि म्हणाली, "हिमोग्लोबिन साडेसात."

सोबत आलेल्या आमच्या बुढीनं, म्हणजे माझ्या बायकोनं, कपाळाला हात लावला. "पाह्य! मी म्हणतच होती, पोरीले साडेसाती लागली हाय म्हून!"

सिस्टर समजावून थकली. रक्त इतकं कमी राहिलं तर बाळंतपणात जिवावर बेतेल, अकराच्या वर न्यायलाच हवं. बुढी मात्र मारुतीला तेल वाहायला निघाली.

"आजी, ही साडेसाती तेलानं नाही उतरत. गोळ्यांनी उतरते!"

"असं का? मंग शनिवारपासून सुरू करू!"

*

मग सिकलसेलची तपासणी. सिस्टरनं सांगितलं, लाल पेशी गोल असतात, पण या आजारात हिमोग्लोबिनच वेगळं बनतं आणि पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात. मायबापाकडून येतो हा आजार. बाकावर शेजारचा श्रावण होता, ऑटो चालवतो. त्यानं फक्त नाव ऐकलं.

"काका, आपल्याले भेव नाही. आपुन शाळेतच नाही गेलो, तर आपल्याले शिकलसेल कायले होईन? पण लता बारावी शिकली हाय ना!"

काही दिवसांनी रिपोर्ट आला, तेव्हाही श्रावण बाकावर होताच. "निगेटिव्ह," सिस्टर म्हणाली.

"अरे बाप्पा! नापास झाली का पोरगी?"

"हो भाऊ. इथं नापास झालं की पेढे वाटायचे असतात!"

*

या श्रावणनं एकदा विचारलंच, "सिस्टर, हे हिमोग्लोबिन करते तरी काय?"

सिस्टरनं चार बोटं पसरली. लाल पेशीत हाच माल ठासून भरलेला. त्याच्या एकेका कणाला चार घड्या, दर घडीत लोखंडाची बारीक कणी. फुफ्फुसात ऑक्सिजन धरायचा आणि अंगभर नेऊन सोडायचा.

"म्हंजे माही ऑटोच की! चार सीटा. मोहाडीले सवारी भरा, गावोगाव उतरवा!"

"बरोबर. पण तिथं चारच बसतात. तुम्ही अकरा कोंबता!"

ही गाडी बनते हाडाच्या आत, मगजात. तीन-चार महिने चालली की भंगारात, आणि तिचं लोखंड पुन्हा नव्या गाडीला. श्रावण इतका खूश झाला की त्यानं बिडी पेटवली.

"बिडीतला वायू त्या सीटवर बसला ना, की उतरायचं नाव घेत नाही," सिस्टर म्हणाली. "ऑक्सिजन बिचारा स्टँडवर उभा!"

श्रावणनं बिडी फेकली. दुसऱ्या दिवशी पुन्हा ओढताना दिसला. मी बिडीकडे बोट दाखवलं.

"काय करू काका, जुनी सवारी हाय. उतर म्हनता येत नाही!"

*

महिना झाला तरी लताचा आकडा हलेना. सिस्टर विचारी, "गोळ्या घेतेस ना?" लता मान डोलावी.

एका सकाळी घरामागं वांग्यांना पाणी देताना मातीत लाल लाल काही दिसलं. गोळ्याच त्या! पोरीला मळमळायचं, म्हणून ती गुपचूप तिथं टाकायची. मी सुनेला काय बोलणार? बुढीला बोलावलं. बुढीनं वाकून पाहिलं आणि तिथूनच हाक दिली.

"लताऽऽ! दिवस तुले गेले हायेत, वांग्याले नाही!"

लता तोंडाला पदर लावून हसत सुटली. त्या रात्रीपासून जेवणानंतर लिंबूपाण्यासोबत गोळी सुरू झाली. आकडाही हळूहळू चढू लागला.

*

दिवस भरले तसं तिला भंडाऱ्याच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "लागलंच तर रक्त हवं. कोण देईल?" प्रदीप छाती काढून पुढं झाला. दोघांचं रक्त तपासलं. लताचं निघालं पावणेबारा!

"आणि तुमचं साडेअकरा," बाई प्रदीपला म्हणाल्या. "रक्त द्यायला साडेबारा तरी लागतं, तुमचं नाही चालणार. बायकोच तुम्हाला देईल आता!"

सारा वऱ्हांडा हसला. रक्ताची गरजच पडली नाही. सुखरूप सुटका झाली, नात झाली.

बुढीनं खाटेजवळ बसून लताला ही गंमत सांगितली. "तुह्या नवऱ्याचं रक्त तुह्याहून कमी निघालं वो!"

लता हसली नाही. प्रदीपकडे पाहत म्हणाली,

"अंडं असो का मासोळी, रोज माह्याच ताटात टाकत होते. म्हणे, मी मोहाडीहून खाऊन आलो."

बुढी त्याच्याकडे वळली. "काय खात होता रे मोहाडीले?"

"चाय," प्रदीप म्हणाला.